‘सब अप्रूव्ड है, सर’ : इंदूरमध्ये प्रवेश घेण्याआधी कॉलेजची आणि पदवीची मान्यता कशी तपासायची

भंवरकुआंच्या मागच्या गल्लीत एक दुमजली घर होतं. खाली झेरॉक्सचं दुकान, वर ‘युनिव्हर्सिटी’. २००३ साली मी तिथे एमबीएला नाव घातलं. विद्यापीठ छत्तीसगढचं, आमच्या गल्लीत त्याचं ‘स्टडी सेंटर’. भिंतीवर तीन-चार प्रमाणपत्रं फ्रेम करून लावलेली, त्यांतलं एकही मी वाचलं नाही. काउंटरवरच्या माणसाला विचारलं, मान्यता आहे ना? तो म्हणाला, ‘सब अप्रूव्ड है, सर.’ मी एकवीस वर्षांचा, आयुष्यात पहिल्यांदाच कोणी ‘सर’ म्हणत होतं. पैसे भरून घरी आलो.

११ फेब्रुवारी २००५ ला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल लागला. प्रा. यशपाल यांनी केलेली याचिका होती. छत्तीसगढच्या २००२ च्या कायद्याखाली शंभरावर खासगी विद्यापीठं निघाली होती. ज्या कलमांच्या आधारावर ती निघाली तीच न्यायालयाने रद्द केली, आणि एका राज्याच्या कायद्याने दुसऱ्या राज्यात विद्यापीठ चालवता येत नाही हेही सांगितलं. तिथल्या मुलांना सरकारी विद्यापीठांशी जोडून घेण्याची सोय न्यायालयाने ठेवली होती, पण आमच्या गल्लीतल्या दाराला पंधरा दिवसांत कुलूप लागलं. पतपेढीचं कर्ज मी पुढे तीन वर्षं फेडलं.

दोन वर्षांपूर्वी भाची बऱ्हाणपूरहून बी.फार्म.साठी इंदूरला आली. ताईने फोनवर एवढंच सांगितलं, ‘तू बघ रे, तुला अनुभव आहे.’ बहिणी असंच बोलतात. तेव्हा जे शोधलं, ज्या कचेऱ्यांच्या पायऱ्या चढलो, ते इथे क्रमाने लिहितो आहे. खंडवा, बऱ्हाणपूर, जळगाव, धुळ्याकडून मुलं दरवर्षी इंदूरला येतात. त्यांच्या घरच्यांना उपयोग होईल.

१. आधी तीन प्रश्न वेगळे करा

‘मान्यता’ हा एकच शब्द तीन निरनिराळ्या गोष्टींसाठी वापरतात. सगळा घोळ तिथूनच सुरू होतो.

पहिला प्रश्न : पदवी कोण देणार? हे विद्यापीठाचं काम. दुसरा : हा कोर्स चालवायची परवानगी कोणी दिली? फार्मसी, नर्सिंग, कायदा, बी.एड., इंजिनिअरिंग अशा अभ्यासक्रमांना त्या-त्या परिषदेची परवानगी लागते. तिसरा : कॉलेज कसं आहे याचे गुण कोणी दिले? नॅक (अख्ख्या संस्थेसाठी) आणि एनबीए (एकेका अभ्यासक्रमासाठी) या राष्ट्रीय संस्था हे काम करतात, त्याला मानांकन म्हणतात.

पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं ‘हो’ किंवा ‘नाही’ अशीच येतात. तिसऱ्याचं उत्तर कमी-जास्त असू शकतं. नॅकची श्रेणी बेताची असलेल्या कॉलेजची पदवी खरीच असते. उलट भिंतीवर नॅकचं झकास प्रमाणपत्र आहे पण तुमच्या कोर्सला परिषदेची परवानगी नाही, तर त्या पदवीवर व्यवसाय करता येणार नाही. काउंटरवरचा माणूस तिन्ही प्रश्नांना एकच उत्तर देतो. म्हणून प्रश्न एकेक करून विचारा, आणि प्रत्येकाचं उत्तर कागदावर मागा.

२. पदवीवर कोणाचं नाव येणार ते शोधा

आमच्या घरात एक जुनी ट्रंक आहे. आजोबा इंदूरच्याच कॉलेजात शिकले, पण त्यांची १९३८ ची पदवी आग्रा विद्यापीठाची. थोरले काका १९६२ मध्ये बी.एस्सी. झाले, त्यांच्या कागदावर उज्जैनचं विक्रम विद्यापीठ. वडील १९७१ चे, त्यांच्यावर इंदूर विद्यापीठ. धाकटी आत्या नव्वदीत झाली, तिच्यावर देवी अहिल्या विश्वविद्यालय. शहर तेच, पदव्यांवर नावं चार. होळकर कॉलेज १८९१ चं आणि इंदूरला स्वतःचं विद्यापीठ मिळालं १९६४ मध्ये. मधली सगळी वर्षं इथल्या कॉलेजांतली मुलं बाहेरच्या विद्यापीठांच्या पदव्या घेत होती. १९८८ मध्ये इंदूर विद्यापीठाचं नाव बदलून देवी अहिल्या झालं.

हे इतकं सांगायचं कारण म्हणजे कॉलेज शिकवतं, पदवी विद्यापीठ देतं. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, म्हणजे यूजीसीच्या, १९५६ च्या कायद्याचं कलम २२ सांगतं की पदवी देण्याचा अधिकार फक्त केंद्राच्या किंवा राज्याच्या कायद्याने स्थापन झालेल्या विद्यापीठांना, अभिमत विद्यापीठांना आणि संसदेने खास अधिकार दिलेल्या संस्थांना आहे. बाकी कोणी ‘डिग्री’ देतो म्हणालं तर विषय तिथेच संपला.

स्वायत्त कॉलेजांबाबतही हाच गोंधळ होतो. इंदूरचं एसजीएसआयटीएस हे इंजिनिअरिंग कॉलेज १९५२ पासून आहे, स्वायत्त आहे, परीक्षा स्वतः घेतं. तरी तिथल्या मुलांच्या पदवीवर अलीकडच्या वर्षांत भोपाळच्या राजीव गांधी प्रौद्योगिकी विश्वविद्यालयाचं नाव येत आलं आहे. स्वायत्त म्हणजे विद्यापीठ नव्हे. एखादं कॉलेज स्वतःला ‘ऑटोनॉमस’ म्हणवत असेल तर यूजीसीच्या स्वायत्त कॉलेजांच्या यादीत ते आहे का, तेही बघून घ्या.

सगळ्यांत सोपी युक्ती अशी : मागच्या बॅचच्या कोणा मुलाची गुणपत्रिका मागून बघा. वर ज्या विद्यापीठाचं नाव छापलेलं असेल, तुमचंही तेच असणार. कॉलेज नवं असेल आणि मागची बॅचच नसेल, तर पुढच्या पायऱ्या दुप्पट काळजीने चढा.

३. ते विद्यापीठ खरं आहे का

यूजीसीच्या संकेतस्थळावर चार याद्या असतात : केंद्रीय, राज्य, अभिमत आणि राज्यातली खासगी विद्यापीठं. तुमच्या विद्यापीठाचं नाव त्यात शोधा, स्पेलिंगसकट. खऱ्या विद्यापीठाच्या नावात एक अक्षर इकडचं तिकडे करून दुकान काढणारे आहेत. मध्य प्रदेशातल्या खासगी विद्यापीठांसाठी आणखी एक जागा आहे, भोपाळचा मध्यप्रदेश निजी विश्वविद्यालय विनियामक आयोग. २००७ च्या कायद्याने स्थापन झालेली विद्यापीठं त्याच्या अखत्यारीत येतात.

यूजीसी बनावट विद्यापीठांचीही यादी काढते. ती जरूर बघा, पण यादीत नाव नाही म्हणून निर्धास्त होऊ नका. ज्यांच्यापर्यंत यूजीसी पोचली त्यांचीच नावं त्यात असतात. माझं स्टडी सेंटर कुठल्याच बनावट यादीत नव्हतं.

लोक घाबरतात ती आणखी एक गोष्ट म्हणजे यूजीसी कायद्याचं कलम २(एफ) आणि १२(बी). २(एफ) म्हणजे यूजीसीच्या लेखी ती संस्था आहे. १२(बी) म्हणजे तिला केंद्राचं अनुदान मिळू शकतं. १२(बी) नसेल तर पदवी खोटी ठरत नाही, अनुदान मिळत नाही इतकंच. व्हॉट्सअॅपवर याबद्दल जे फिरतं ते सोडून द्या.

आणि दुसऱ्या राज्यातल्या खासगी विद्यापीठाचं ‘इंदूर सेंटर’ कोणी दाखवलं तर चहा पिऊन उठा. वीस वर्षांपूर्वीचा तो निकाल अजून तसाच लागू आहे.

४. संलग्नता : याच वर्षाची, याच कोर्सची

इथल्या कागदांवर हिंदीत ‘संबद्धता’ लिहिलेलं असतं, आपण संलग्नता म्हणतो. ती कॉलेजला सरसकट मिळत नाही. अभ्यासक्रमानुसार आणि सत्रानुसार मिळते. बी.कॉम.ची संलग्नता असलेल्या कॉलेजने बीबीए सुरू केलं तर त्याची वेगळी घ्यावी लागते.

कॉलेजला सांगा, चालू सत्राचं संबद्धता-पत्र दाखवा. ‘प्रोसेस में है’ असं उत्तर आलं तर ते उत्तर ‘नाही’ समजून चाला. मिळाली की प्रवेश घेता येईल, घाई त्यांना आहे, तुम्हाला नाही.

मी सरळ आर.एन.टी. मार्गावर विद्यापीठाच्या प्रशासकीय कचेरीत गेलो, नालंदा परिसरात. संबद्धता शाखेतल्या बाबूने आधी ‘वेबसाइट पे है’ म्हणून वाटेला लावायचा प्रयत्न केला. मी म्हटलं, वेबसाइटवर मागच्या वर्षीची यादी आहे. मग त्याने रजिस्टर काढलं. माणूस वाईट नव्हता, जेवणाची वेळ झाली होती. सकाळी अकराच्या सुमारास जा. माहितीच्या अधिकारात दहा रुपये भरून अर्जही करता येतो, पण उत्तराला तीस दिवस लागू शकतात आणि तोवर प्रवेशाची तारीख निघून जाते.

इथे एक बारीक फरक लक्षात ठेवा. देवी अहिल्या विद्यापीठाचे स्वतःचे विभाग वेगळे आणि त्याला संलग्न खासगी कॉलेजं वेगळी. पत्रकावर दोघंही ‘डीएव्हीव्ही’ हे देवी अहिल्याचं इंग्रजी लघुरूप मोठ्या अक्षरांत छापतात. विद्यापीठाच्या स्वतःच्या बऱ्याच अभ्यासक्रमांचे प्रवेश २०२२ पासून सीयूईटी या देशपातळीवरच्या प्रवेश परीक्षेतून होतात. संलग्न कॉलेजांचे राज्याच्या ई-प्रवेशातून. प्रवेश कुठून होतो आहे ते कळलं की तुम्ही नक्की कोणाच्या दारात उभे आहात तेही कळतं.

५. कोर्सला कोणत्या परिषदेची परवानगी लागते

बी.ए., साधं बी.एस्सी., बी.कॉम. यांना कुठल्या परिषदेची गरज नाही. विद्यापीठ खरं आणि संलग्नता चालू, की झालं. बाकीच्यांचं तसं नाही.

इंजिनिअरिंग आणि मॅनेजमेंटला एआयसीटीई, म्हणजे अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषद. २०२४-२५ पासून बीसीए आणि बीबीएही तिच्याकडे आले. परवानगी ठरावीक मुदतीपुरतीच असते. त्या पत्रात कोर्सचं नाव, जागांची संख्या आणि वर्ष असतं. तिन्ही जुळवून बघा. मात्र एक पेच आहे. ही अट संलग्न कॉलेजांना आहे. विद्यापीठाने स्वतःच्या आवारात बी.टेक. चालवायचं तर एआयसीटीईची पूर्वपरवानगी बंधनकारक नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये भारतीदासन विद्यापीठाच्या खटल्यात ठरवलं. म्हणून खासगी विद्यापीठाच्या बी.टेक.ला एआयसीटीई नाही म्हणजे ते बनावट, असं नाही. त्याच विद्यापीठाचं बी.फार्म. असेल तर मात्र हा युक्तिवाद चालत नाही. तिथे परिषद लागतेच.

कायद्याला बार कौन्सिल ऑफ इंडिया. तिची मान्यता नसेल तर सनद मिळणार नाही. बी.एड.ला एनसीटीई, म्हणजे राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषद. आर्किटेक्चरला काउन्सिल ऑफ आर्किटेक्चर. एमबीबीएसला २०२० पासून जुन्या वैद्यकीय परिषदेच्या (एमसीआय) जागी राष्ट्रीय वैद्यकीय आयोग आहे.

फार्मसी मला पूर्ण समजून घ्यावी लागली, म्हणून जरा थांबून सांगतो. इथे परवानगी फार्मसी काउन्सिल ऑफ इंडियाची, म्हणजे पीसीआयची. आधार १९४८ चा फार्मसी कायदा. पीसीआयच्या संकेतस्थळावर राज्यवार यादी असते. त्यात कॉलेज, कोर्स, जागा आणि परवानगी कोणत्या सत्रापर्यंत, हे सगळं दिलेलं असतं. पण परवानगी दोन प्रकारची असते. नव्या कॉलेजला आधी फक्त कोर्स चालवायची परवानगी मिळते. पहिली बॅच शेवटच्या वर्षाला पोचली की पीसीआय पुन्हा तपासणी करते आणि मग कलम १२ खालची मान्यता देते. फार्मसिस्ट म्हणून राज्याच्या काउन्सिलमध्ये नोंदणी होते ती कलम १२ च्या जोरावर. ज्या कॉलेजात अजून पहिली बॅचच शिकते आहे तिथली परवानगी खोटी नाही, पण तुमची नोंदणी एका पुढच्या तपासणीवर लटकलेली असते.

भाचीला आवडलेलं पहिलं कॉलेज नेमकं असं होतं. विजयनगरच्या बाजूला, काचेची इमारत, एसी वर्ग. समुपदेशक बाईंना मी विचारलं, कलम १२ झालं आहे का? त्या म्हणाल्या, ‘सर, नॅक भी है, यूजीसी भी है.’ मी परत विचारलं. त्यांनी सरांना बोलावलं. सरांनी मोठ्या सरांना फोन लावला. मोठे सर म्हणाले, ‘हो जाएगा.’ बाहेर आल्यावर भाची म्हणाली, ‘मामा, तुम्ही पोलिसासारखं विचारता.’ मी तिला छप्पन दुकानवर नेऊन खायला घातलं आणि भंवरकुआंच्या घराची गोष्ट सांगितली. तोवर तिला ती कोणी सांगितली नव्हती, ताईनेसुद्धा नाही.

नर्सिंगला भारतीय नर्सिंग परिषद आणि राज्याची परिषद, दोन्ही लागतात. आणि मध्य प्रदेशात नर्सिंगचा कागद बघून थांबू नका. इथल्या नर्सिंग कॉलेजांच्या मान्यतेचं प्रकरण उच्च न्यायालयात गेलं, न्यायालयाने सीबीआयकडून कॉलेजांची तपासणी करवली, आणि मे २०२४ मध्ये त्याच तपासणीतल्या सीबीआयच्या काही अधिकाऱ्यांना लाच घेतल्याच्या आरोपाखाली अटक झाली. तेव्हा कागद बघाच, शिवाय कॉलेज कोणत्या रुग्णालयाशी जोडलेलं आहे ते विचारून त्या रुग्णालयात जाऊन या. वॉर्डात गणवेशातल्या मुली दिसतात का, खाटांवर रुग्ण आहेत का, हे अर्ध्या तासात कळतं.

६. नॅक आणि एनबीए : गुणपत्रिका वाचायला शिका

नॅक १९९४ मध्ये स्थापन झाली, मुख्यालय बंगळूरला. ती अख्ख्या संस्थेला गुण देते, चारपैकी. ३.५१ च्या वर ए++, ३.२६ पासून ए+, ३.०१ पासून ए, मग बी++, बी+, बी, १.५१ ते २ म्हणजे सी, त्याच्या खाली मानांकन नाही. प्रमाणपत्र साधारण पाच वर्षांचं. भिंतीवरच्या फ्रेममध्ये श्रेणी मोठी असते आणि मुदत बारीक. नेहमी बारीक वाचा.

जानेवारी २०२४ मध्ये नॅकने जाहीर केलं की अक्षरी श्रेणी बंद करून ‘मानांकित’ किंवा ‘मानांकित नाही’ एवढंच सांगणारी पद्धत आणायची, आणि त्यापुढे पाच पातळ्या. म्हणून येत्या काही वर्षांत एका कॉलेजच्या दारावर अक्षर आणि दुसऱ्याच्या दारावर नुसता शब्द दिसेल. दोघांची तुलना करत बसू नका.

सगळ्यांत जास्त फसतात ते इथे : विद्यापीठाचं मानांकन संलग्न कॉलेजला लागू होत नाही. ‘नॅक ए+ मानांकित विद्यापीठाशी संलग्न’ हे वाक्य खरं असतं आणि त्यातून कॉलेजबद्दल काहीच कळत नाही. कॉलेजचं स्वतःचं प्रमाणपत्र मागा. कॉलेज अगदी नवं असेल तर ते नसणं समजण्यासारखं आहे, कारण दोन बॅच बाहेर पडल्याशिवाय किंवा सहा वर्षं झाल्याशिवाय नॅकच्या नेहमीच्या मानांकनाला अर्ज करता येत नाही. वीस वर्षं जुन्या कॉलेजकडे नसेल तर मात्र कारण विचारा.

श्रेणीपेक्षा मला पाहणी समितीचा अहवाल जास्त उपयोगी वाटला. नॅकच्या आणि कॉलेजच्या संकेतस्थळावर तो मिळतो. शेवटी ‘उणिवा’ आणि ‘सूचना’ असे भाग असतात. भाषा फार सभ्य असते, पण ‘पूर्णवेळ शिक्षकांची संख्या वाढवावी’ याचा अर्थ कळायला अवघड नाही. समिती यायच्या आठवड्यात इथल्या कॉलेजांत कुंड्या येतात, भिंती रंगतात, हे आम्हा सगळ्यांना माहीत आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये तर नॅकच्या एका पाहणी समितीतल्या सदस्यांनाच लाचेच्या आरोपाखाली सीबीआयने अटक केली होती. म्हणून मी नॅककडे एक पुरावा म्हणून बघतो, निकाल म्हणून नाही.

एनबीएचं वेगळं आहे. ती कॉलेजला नाही, एकेका अभ्यासक्रमाला मानांकन देते, तीन किंवा सहा वर्षांसाठी. एकाच कॉलेजात मेकॅनिकलला एनबीए असेल आणि कॉम्प्युटर सायन्सला नसेल असं सर्रास दिसतं, आणि पत्रकावर मात्र नुसतं ‘एनबीए’ छापतात. भारत २०१४ पासून वॉशिंग्टन कराराचा, म्हणजे एकमेकांच्या इंजिनिअरिंग पदव्या मानणाऱ्या देशांच्या कराराचा, पूर्ण सदस्य आहे, त्यामुळे इंजिनिअर म्हणून बाहेर जायचं असेल तर याला वजन आहे. पण त्या करारात एनबीएचे फक्त ‘टियर १’ कार्यक्रम येतात, म्हणजे विद्यापीठांचे आणि स्वायत्त संस्थांचे. संलग्न कॉलेजांचे बहुतेक ‘टियर २’ मध्ये असतात.

एनआयआरएफ ही केंद्र सरकारची कॉलेज-विद्यापीठांची क्रमवारी २०१६ पासून निघते. ती क्रमवारी आहे, मानांकन नव्हे.

७. डिस्टन्स आणि ऑनलाइन

या कोर्सना विद्यापीठ खरं असणं पुरत नाही. यूजीसीच्या दूरशिक्षण विभागाची (डीईबी), त्या कोर्ससाठी, त्या सत्रासाठी वेगळी परवानगी लागते. याद्या त्यांच्या संकेतस्थळावर आहेत. प्रवेशासाठी आता विद्यार्थ्याला स्वतःचा डीईबी-आयडी काढावा लागतो. तो न मागता कोणी प्रवेश देत असेल तर संशय घ्या. इंजिनिअरिंग, नर्सिंग, फार्मसी, कायदा यांच्या पदव्या डिस्टन्सने मिळत नाहीत. इग्नू १९८५ पासून आणि भोपाळचं भोज मुक्त विद्यापीठ १९९१ पासून आहे. नोकरी करत साधी पदवी हवी असेल तर आधी तिकडे बघा.

८. पत्रकातले शब्द

‘आयएसओ ९००१ प्रमाणित’ : कारभाराच्या पद्धतीचं प्रमाणपत्र. लोणच्याच्या कारखान्यालाही मिळतं. पदवीशी संबंध नाही.

‘एमएसएमई नोंदणीकृत’, ‘सोसायटी कायद्याखाली नोंदणीकृत’ : आमच्या गल्लीतलं गणेश मंडळही सोसायटी कायद्याखाली नोंदणीकृत आहे.

‘परदेशी विद्यापीठाशी टाय-अप’ : पदवी कोणाची आणि यूजीसीची परवानगी कुठे आहे, हे लेखी घ्या.

‘पीजीडीएम, एमबीएच्या बरोबरीचं’ : पीजीडीएम ही पदविका आहे, एमबीए ही पदवी. आयआयएम इंदूर १९९६ चं, पण २०१७ चा कायदा येईपर्यंत तेही पदविकाच देत होतं. तिथे कोणाचं अडलं नाही, कारण नाव आयआयएमचं. दुसऱ्या संस्थेच्या पीजीडीएमला एआयसीटीईची मान्यता आहे का, भारतीय विद्यापीठ संघाची समकक्षता आहे का, ते बघावं लागतं.

पदवीचं विचित्र नाव : कोणत्या नावाने पदवी देता येते याची यादी यूजीसी राजपत्रात काढते. ‘बॅचलर ऑफ’च्या पुढे पूर्वी न ऐकलेलं काही असेल तर त्या यादीत शोधा. सरकारी भरतीत अर्ज इथेच अडकतात.

९. हातात काय असावं

पैसे भरण्याआधी एका फोल्डरमध्ये एवढं जमवा, मोबाइलमध्ये फोटो आणि कागदावर प्रत, दोन्ही :

– यूजीसीच्या यादीत विद्यापीठाचं नाव दिसणारा स्क्रीनशॉट, तारखेसकट
– चालू सत्राचं संबद्धता-पत्र
– परिषदेचं परवानगी-पत्र, जागांच्या संख्येसह
– कॉलेजचं स्वतःचं नॅक प्रमाणपत्र आणि समितीचा अहवाल. इंजिनिअरिंग असेल तर तुमच्या शाखेचं एनबीए
– कॉलेजचा एआयएसएचई क्रमांक, म्हणजे केंद्राच्या उच्च शिक्षण सर्वेक्षणातली नोंद. कॉलेजचा क्रमांक ‘सी’ने सुरू होतो, विद्यापीठाचा ‘यू’ने
– व्यावसायिक कोर्स असेल तर राज्याच्या प्रवेश एवं शुल्क विनियामक समितीने ठरवलेली फी. सांगितलेली फी तिच्याशी ताडून बघा
– प्रत्येक रुपयाची पावती, संस्थेच्या नावाची; माणसाच्या नावावर यूपीआय करू नका

मूळ गुणपत्रिका, मूळ टीसी कॉलेजला ‘ठेवायला’ देऊ नका. तपासून लगेच परत करायच्या, असं यूजीसीची २०१८ ची अधिसूचना सांगते; फी परतीचे टप्पेही त्यातच आहेत. तिचा कागद छापून खिशात ठेवा, काउंटरवर त्याचा परिणाम चांगला होतो. ऐकलंच नाही तर यूजीसीच्या ई-समाधानवर तक्रार करता येते.

पुढे जर्मनीला जायचा विचार असेल तर अनाबिन नावाच्या त्यांच्या यादीत विद्यापीठ ‘एच प्लस’, म्हणजे मान्यताप्राप्त, आहे का ते आजच बघा. पदवी झाल्यावर बघून काही बदलता येत नाही. पुढे तिथे शिकायला जाताना एपीएस, म्हणजे कागदपत्रं तपासल्याचं, प्रमाणपत्रही लागतं.

१०. प्रवेशानंतर

परिषदांची परवानगी एका सत्रापुरती किंवा काही सत्रांपुरती असते, म्हणजे दरवर्षी बघावं लागतं. जागांची संख्याही बघा. मंजूर साठ आणि वर्गात पंचाहत्तर अशी स्थिती असेल तर वरच्या पंधरांची नावं विद्यापीठाच्या नोंदणीत अडकतात, आणि ते पंधरा कोण हे शेवटपर्यंत कळत नाही. पहिल्या सत्रातच विद्यापीठाचा नोंदणी क्रमांक मागून घ्या. इथे त्याला एनरोलमेंट नंबर म्हणतात. तो परीक्षेच्या आधी हातात नसेल तर कॉलेजवर विसंबू नका, विद्यापीठात जाऊन विचारा.

भाचीने शेवटी एका जुन्या कॉलेजात प्रवेश घेतला. इमारत कळकट, कँटीनमध्ये पंखे हलत नाहीत, पण कलम १२ ची मान्यता आणि जागा दोन्ही यादीत स्पष्ट लिहिलेल्या. तिच्या फोनमध्ये जुलैच्या पहिल्या आठवड्याला एक आठवण लावलेली आहे. यंदा सकाळी सात वाजता पीसीआयच्या यादीचा स्क्रीनशॉट मला आला, कॉलेजच्या नावावर लाल गोल काढून. तिचा स्वतःचा निकाल त्यानंतर दुपारी आला.